काच का फुटते, कुठून फुटते आणि घरातली काच टिकवायची कशी

शेगडीची काच रात्री कुणी हात न लावता फुटली, चहाचा ग्लास तीनदा खाली पडला तेव्हा काही झालं नाही आणि चौथ्यांदा ओट्याला नुसता लागला तर दोन तुकडे, खिडकीच्या काचेला कडेपासून तडा गेला पण दगड काय बॉल काय कुणी मारलेलाच नाही. असले प्रकार सगळ्यांकडे होतात आणि मग नजर लागली, माल हलका निघाला, हल्लीच्या वस्तूच अशा, एवढं बोलून विषय संपतो. पण कारण प्रत्येक वेळी असतं, आणि बऱ्याचदा तुकडे नीट बघितले तर सापडतंही. ते कसं ओळखायचं, कुठे कुठली काच घ्यायची आणि काय केलं की ती जास्त दिवस टिकते, हे सगळं एका जागी लिहितोय.

सुरुवातीलाच सांगतो, नंतर सगळं याच्याच भोवती फिरणार आहे: काच किती मजबूत हे तिच्या जाडीपेक्षा जास्त तिच्या वरच्या थरावर आणि कडांवर ठरतं. कडेला टवका उडालेली १० एमएमची काच ही धड कडांच्या ६ एमएमपेक्षा वाईट निघू शकते.

ताकद जाते कुठे

काचेतले सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना भयंकर घट्ट धरून असतात. नुसता हिशोब मांडला तर निर्दोष काचेने कितीतरी हजार मेगापास्कल ताण सहन करायला पाहिजे, आणि १ मेगापास्कल म्हणजे एका चौरस सेंटीमीटरवर साधारण १० किलो. आणि प्रत्यक्षात काय, तर खिडकीची साधी काच डिझाईन करताना इंजिनिअर ४५ मेगापास्कलच्या आसपास धरून चालतात, तेही कमी वेळाच्या लोडसाठी. म्हणजे शंभरातला एक भागसुद्धा हाताला लागत नाही, बाकी सगळी ताकद गेली कुठे?

हे कोडं सोडवलं ग्रिफिथ नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने, १९२० च्या सुमारास, इंग्लंडमधल्या फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंट या विमान-संशोधन संस्थेत काम करताना. त्याने काच वितळवून तिचे बारीक बारीक तंतू ओढले आणि एकेक ताणून तोडला. साधारण १ एमएमचा तंतू १७० मेगापास्कलला तुटला आणि सगळ्यात बारीक, ३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे एमएमचा हजारावा भाग) आसपासचा, ३४०० मेगापास्कलपर्यंत टिकला. काच तीच, भट्टी तीच, फरक वीसपट. त्याचं म्हणणं असं की काचेवर डोळ्याला न दिसणारे बारीक तडे असतात आणि तुटायची सुरुवात तिथून होते, आणि तंतू जितका बारीक तितकी मोठा तडा असायला जागाच नाही. ताजा ओढलेला तंतू जास्त मजबूत असायचा आणि काही तास गेले की त्याची ताकद उतरायची हेही त्याला दिसलं.

कापडाला कात्रीने एक छोटा काप दिला की मग हाताने टर्रकन फाटतं, काचेवरचा चरा तेच काम करतो, सगळा ताण त्या टोकाशी गोळा होतो. फक्त काचेची अडचण अशी की स्टील किंवा तांबं अशा ठिकाणी थोडं वाकून, दबून ताण जिरवतं, काचेला ते जमत नाही. तडा एकदा सुटला की साध्या काचेत तो सेकंदाला दीड किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणूनच आपल्याला मधलं काही दिसत नाही, आधी अख्खी काच आणि मग एकदम ठिकऱ्या.

आकडा हवा असेल तर ०.१ एमएम खोल चरा, म्हणजे जाड केसाएवढा, काचेला ३८ मेगापास्कलच्या आसपास आणून ठेवतो. चरा चौपट खोल झाला की ताकद निम्मी, म्हणजे १९. आता तुमच्या ग्लासच्या कडेचा टवका किती एमएमचा आहे ते बघा आणि ठरवा तो पाहुण्यांना द्यायचा की पेनं ठेवायला.

तीनदा पडून वाचलेल्या ग्लासचं उत्तरही इथेच आहे. पहिल्या तीन वेळी त्याचा जो भाग आपटला तिथे मोठा चरा नव्हता, पण प्रत्येक आपटण्याने नवे चरे दिले, चौथ्या वेळी हलका फटका नेमका त्यातल्या एकावर बसला. एकाच लॉटमधल्या नव्याकोऱ्या काचा तोडून बघितल्या तरी आकडे एकसारखे येत नाहीत, बरेच वरखाली होतात. आणि काचेचा मोठा पत्रा लहान पत्र्यापेक्षा सरासरी कमजोर निघतो कारण मोठ्या जागेत एखादा वाईट चरा सापडायची शक्यता जास्त. म्हणून काचेच्या बाबतीत "हिची ताकद इतकी" असं कुणी ठामपणे सांगितलं तर जरा जपून.

वाकली की कुठली बाजू बघायची

काच दाबून सहसा फुटत नाही, ती ताणाने फुटते. दाब झेलण्यात ती एकदम दणकट आहे, ताणाच्या कितीतरी पट. टीपॉयच्या काचेवर मधोमध वजन ठेवलं की वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते, त्यामुळे जीव असतो तो खालच्या बाजूत. जुनी ओरखडे पडलेली काच टेबलावर टाकायची असेल तर ओरखड्यांची बाजू वर ठेवा, दिसायला वाईट दिसेल पण चरे दाबाखाली राहतील. लोक बरोब्बर उलटं करतात, चांगली बाजू वर. पायांच्या बाहेर काच लटकत असेल तर मात्र तिथलं गणित फिरतं, त्या टोकाला रेललं की वरची बाजू ताणली जाते. म्हणून लटकणारा भाग कमीच ठेवा आणि मुलांना कडेवर बसू देऊ नका.

काचेखाली कधीही वाळूचा कण, स्क्रूचं डोकं किंवा कडक धातू थेट लागता कामा नये, पातळ रबर नाहीतर सिलिकॉनचे ठिपके लावा. ज्यांच्याकडे फिश टँक आहे त्यांनी खाली थर्माकोलची शीट टाकावी ती याचसाठी, स्टँडचा उंचसखलपणा ती खाऊन टाकते. साधी तळाची काच एका खड्यावर टेकली तर सगळं वजन तिथेच, आणि वजन काही थोडं नसतं, ६० बाय ३० बाय ४० सेंटीमीटरच्या टाकीत ७२ लिटर म्हणजे ७२ किलो नुसतं पाणी. बाजूच्या काचेवर किती दाब येतो ते पाण्याच्या उंचीवर ठरतं, त्यामुळे उंच टाकी घेताना जाड काच मागा.

वेळ आणि पाणी, हे दोघं गुपचूप काम करतात

हा भाग फार कमी लोकांना माहीत असतो. आज जे वजन काचेने आरामात पेललं तेच वजन महिनोन्महिने तसंच ठेवलं तर तीच काच फुटू शकते. कारण हवेतली वाफ. चऱ्याच्या टोकाशी सिलिकॉन-ऑक्सिजनचा जो जोड आधीच ताणलेला असतो त्यात पाण्याचा रेणू शिरतो आणि तो जोड तोडतो, मग पुढचा जोड, मग त्याच्या पुढचा. तडा हळूहळू सरकतो आणि एक दिवस हद्द ओलांडतो, त्या दिवशी तुम्ही शेल्फवर वर्तमानपत्र ठेवायला गेलेले असता आणि सगळा आळ तुमच्यावर.

म्हणून कायमच्या वजनासाठी डिझाईन करताना साध्या काचेची ताकद वाऱ्याच्या झोताला जेवढी धरतात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी धरतात. घरात याचा अर्थ एवढाच की काचेच्या शेल्फवर पुस्तकं, मिक्सर, मोठ्या बरण्या कायमच्या मांडून ठेवू नका, तिथे शोभेच्या वस्तू ठीक. शेल्फ मध्ये झोळ आल्यागत दिसत असेल तर वजन आजच उतरवा, नाहीतर मध्ये आणखी एक ब्रॅकेट टाका.

काच कापून बघा, सगळं एकदम कळेल

मला विचाराल तर हे सगळं समजून घ्यायचा सगळ्यात भारी मार्ग म्हणजे काच स्वतः कापणं. काचवाला काच कापत नाहीच मुळात, तो फक्त एक चांगला चरा देतो आणि मग काच स्वतःच त्या चऱ्यावरून तुटते. पूर्वी हिरकणी (टोकाला हिऱ्याचा कण) वापरायचे, आता कडक धातूच्या चाकाचा कटर सगळीकडे मिळतो.

फोटोफ्रेममधली किंवा खिडकीची जुनी साधी काच घ्या, ३ ते ४ एमएमची. टफन काच घेऊ नका, तिचा भुगा होईल, पुढे सांगतो का ते. डोळ्यांना गॉगल, हाताला जाड हातमोजे, पायात बूट, चप्पल नाही, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. टेबलावर जुनी चादर किंवा पुठ्ठा पसरा. काच स्वच्छ पुसा, कारण धूळ असेल तर चाक उड्या मारतं. कटरचं चाक रॉकेलमध्ये बुडवा, रॉकेल नसेल तर पातळ मशीन ऑईल चालेल. लाकडी पट्टी धरून एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच दमात, एकसारख्या जोराने ओढा. चर्र असा बारीक सलग आवाज आला पाहिजे आणि मागे एक चंदेरी बारीक रेघ दिसली पाहिजे. रेघेतून पांढरा चुरा उडत असेल तर जोर जास्त झाला. आवाज मध्ये तुटला तर तिथे चरा लागलेलाच नाही, पण तरी त्याच रेघेवर पुन्हा कटर फिरवायचा नाही. दुसऱ्यांदा फिरवलं की एका स्वच्छ तड्याऐवजी आडवे तिडवे तडे तयार होतात, काच वाट्टेल तिकडे जाते आणि कटरचं चाकही जातं.

आता रेघ वरच्या बाजूला ठेवून काच टेबलाच्या कडेवर अशी धरा की रेघ कडेच्या जरा बाहेर राहील आणि बाहेरचा भाग झटक्याने खाली दाबा. रेघेची बाजू ताणली गेली, खट् आवाज आला आणि सरळ तुकडा हातात. रेघ खाली ठेवून दाबलं असतं तर चरा दाबाखाली गेला असता आणि बराच जास्त जोर लावूनही काच कुठूनही फुटली असती. रेघ मारून चहा प्यायला जायचं नाही, लगेच तोडायची, थांबलात तर तुटायला त्रास देते, कुठल्याही काचवाल्याला विचारा. शेवटी कडेवरून ओल्या पॉलिश पेपरने किंवा बारीक दगडाने हात फिरवून धार बोथट करा. याने बोट वाचतं हे तर आहेच, पण कापताना कडेला उरलेले बारीक तडेही घासले जातात आणि काच खरोखर मजबूत होते. फ्रेम बनवणारे घाईत हे करत नाहीत, त्यांना सांगून करून घ्या.

गरम-थंडाचा हिशोब

काच उष्णता पटकन वाहून नेत नाही, म्हणून एक भाग गरम होऊन फुगतो आणि शेजारचा थंडच राहतो, आणि त्या ओढाताणीत ताण तयार होतो. साध्या, म्हणजे खिडकी-ग्लासच्या सोडा-लाईम काचेत एका डिग्रीच्या फरकाला वाईटात वाईट साधारण ०.८ मेगापास्कल धरा. ५० डिग्रीचा फरक पडला की ४० मेगापास्कल, म्हणजे एखादा केसाएवढा चरा असेल तर खेळ खलास. ओव्हनच्या भांड्यांना वापरतात ती बोरोसिलिकेट काच तापल्यावर साध्या काचेच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याएवढीच फुगते म्हणून ती टिकते, जास्त कडक आहे म्हणून नाही. ती पडली तर तितकीच फुटते, त्यात काही सूट नाही.

जाड ग्लास जास्त सुरक्षित वाटतो पण गरम चहाला तो जास्त धोक्याचा, कारण आतली बाजू तापते आणि बाहेरची थंडच राहते. टपरीवरच्या कटिंगच्या जाड ग्लासांचं बरं असतं, ते दिवसभर गरम पाण्यात विसळून कोमटच असतात. घरी थंडीच्या दिवसात आधी थोडा चहा ओतून ग्लास फिरवा, मग भरा. स्टीलचा चमचा ठेवायची आजीची युक्ती थोडीफार चालते, चमचा थोडी उष्णता घेतो, पण तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नका.

आणि एक लक्षात घ्या, थंड काचेवर गरम ओतण्यापेक्षा गरम काचेवर थंड पडणं जास्त वाईट. पृष्ठभाग एकदम थंड झाला की तो आक्रसतो आणि आतला गरम भाग त्याला आक्रसू देत नाही, म्हणजे नेमका जिथे चरे आहेत तो वरचा थरच ताणला जातो. कंदिलाच्या गरम काचेवर पावसाचा एक थेंब पडला की ती टचकन जायची ते याच्यामुळे. आपल्याकडे या धंद्याला जुना इतिहास आहे, तळेगाव दाभाड्याला १९०८ मध्ये पैसा फंडाचा, म्हणजे लोकवर्गणीतून उभा राहिलेला काच कारखाना सुरू झाला, आणि कराडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर घरोघरी होता, त्यामुळे ही टचकन फुटणारी काच आपल्या आज्या-पणज्यांच्या पक्की ओळखीची. ओव्हनमधून काढलेला काचेचा डबा ओल्या ओट्यावर किंवा ओल्या फडक्यावर ठेवणं म्हणजे तोच प्रकार, कोरड्या लाकडी पाटावर ठेवा. फ्रिजमधला डबा थेट ओव्हनमध्ये नको, आणि डब्यावर नुसतं "ओव्हन सेफ" लिहिलंय म्हणून तो बोरोसिलिकेटच आहे असं समजू नका, लेबलवर तसा शब्द शोधा. काही डबे टफन केलेल्या साध्या काचेचेही असतात.

लोणच्याच्या बरण्या उकळायच्या असतील तर बरणी गार पाण्यात तळाला फडकं घालून ठेवा आणि मग गॅस लावा, दोन्ही बरोबर तापू द्या, आणि थंडही त्याच पाण्यात होऊ द्या. काही जण नवे ग्लास मिठाच्या पाण्यात उकळून "पक्के" करतात, त्याने जंतू मरतील पण काच पक्की होणार नाही. काचेतला आतला ताण काढायला साधारण ५५० डिग्री लागतात, तुमचं पातेलं १०० च्या आसपासच थांबतं.

खिडकीचं तर वेगळंच. काळी फिल्म लावली की काचेचा मधला भाग उन्हात तापतो आणि फ्रेममध्ये लपलेली कड थंड राहते. मधला भाग फुगून कडेला ताणतो, आणि कड ही आधीच कापलेली, चऱ्यांनी भरलेली. साधी काच ४० डिग्रीच्या आसपास फरक सहन करते, तेही कड स्वच्छ असेल तर. आतून जाड पडदा चिकटून, त्यावर एसीचा झोत आणि बाहेरून अर्धी सावली अर्धं ऊन, म्हणजे फुटायची सगळी तयारी. गडद फिल्म लावायचीच असेल तर पश्चिमेच्या खिडकीची काच आधी टफन करून घ्या.

टफन, लॅमिनेटेड आणि मोबाईलवाली

टफन काच म्हणजे साधी काच कापून, होल मारून, कडा घासून झाल्यावर ६२० ते ६५० डिग्रीला तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे जोरदार झोत मारून झपकन थंड करतात. वरचा थर आधी गोठतो, आतला नंतर आक्रसतो आणि वरच्याला दाबून धरतो. आता पृष्ठभागावर कायमचा दाब, ७० ते १०० मेगापास्कल किंवा त्याहून जास्त, आणि पोटात ताण. चरा उघडायचा असेल तर आधी हा दाब संपवावा लागतो, म्हणून ती साधीपेक्षा चार-पाचपट मजबूत, आणि तापमानाचा फरकही २०० डिग्रीच्या आसपास झेलते. दाबाचा थर दोन्ही बाजूंना जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा असतो. पण एखादा चरा तो ओलांडून पोटात पोचला की सगळी साठलेली ताकद एकदम सुटते आणि अख्ख्या पत्र्याचे बारीक बोथट खडे होतात. म्हणून टफन झाल्यावर ती कापता येत नाही, होल मारता येत नाही. मापं दोनदा घ्या.

तिची कमजोर जागा म्हणजे कड आणि कोपरा. मधोमध मूठ मारलीत तर काही होणार नाही, पण बाथरूमच्या पार्टिशनचा कोपरा टाईलवर टेकवलात तर गेली. फिटिंगवाले काच उभी करतात तेव्हा खाली लाकडी पट्ट्या टाकायला लावा, आणि बिजागऱ्यांमध्ये रबर आहे का ते स्वतः बघा. खरंच टफन आहे का हे बघायचं असेल तर कोपऱ्यात कायमचा कोरलेला शिक्का शोधा, आयएस २५५३ (सेफ्टी काचेचं भारतीय मानक) आणि आयएसआय मार्क असेल. पोलराईज्ड गॉगल असेल तर तो लावून काचेकडे तिरकं, आभाळाच्या बाजूने बघा, फिकट ठिपके किंवा पट्टे दिसतात, कारच्या मागच्या काचेवर सगळ्यात छान दिसतात. जिथे हवेचे झोत लागले त्याच त्या खुणा.

शेगडीची काच बहुतेक टफन असते. तापलेला बिडाचा तवा उतरवून थेट काचेवर ठेवणं, गरम काचेवर थंड पाणी उडणं, बर्नरपेक्षा फारच मोठं भांडं ठेवणं ज्याने ज्योत पसरून उष्णता खाली काचेवर येते, आणि तारेची घासणी, हे चार शत्रू. तारेने घासून पाडलेले चरे आज फोडत नाहीत, पुढच्या महिन्यात फोडतात, मग लोक म्हणतात आपोआप फुटली. खऱ्या अर्थाने आपोआपही फुटते म्हणा, काच बनताना कधीकधी निकेल सल्फाईडचा डोळ्याला जेमतेम दिसेल असा कण आत राहतो. टफन करताना तो गरम अवस्थेतच अडकतो, आणि नंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी हळूहळू बदलत २ ते ४ टक्के फुगतो. पोटातल्या ताणाच्या भागात असेल तर रात्री तीनला धडाम. मोठ्या इमारतींसाठी काच २६० ते २९० डिग्रीच्या आसपास तापवून ठेवतात, म्हणजे अशा काचा बसवायच्या आधीच फुटून जातात. त्याला हीट सोक टेस्ट म्हणतात. बाल्कनीची काच घेताना विचारा, केलीय का.

डोक्यावर किंवा उंचीवर काच असेल तर नुसती टफन नको, लॅमिनेटेड घ्या. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाच्या पारदर्शक प्लास्टिकचा थर असतो, ०.३८ एमएमच्या पटीत, ०.७६ किंवा १.५२ वगैरे. फुटली तरी तुकडे चिकटून राहतात. बाल्कनीच्या रेलिंगला, काचेच्या छताला, जिन्याला हीच, आणि दोन्ही काचा टफन असतील तर उत्तम. खर्च जास्त येतो, पण पाचव्या मजल्यावरून खाली खडे पडले तर खालच्याचं डोकं कुणाचं? इथे पैसे वाचवणं मला पटत नाही.

कारमध्ये पुढची काच लॅमिनेटेड आणि बाजूच्या सहसा टफन असतात, काही नव्या गाड्यांत बाजूच्याही लॅमिनेटेड आल्यात, मॅन्युअल बघून ठेवा. पाण्यात अडकलात तर पुढच्या काचेवर ताकद घालवू नका, टोकदार हातोडीने बाजूच्या काचेच्या कोपऱ्यात मारा. मधोमध बुक्क्या मारून ती जात नाही.

मोबाईलची काच वेगळ्या पद्धतीने मजबूत करतात. ती गरम वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये ठेवतात, साधारण ४०० डिग्रीला, मग काचेतले छोटे सोडियमचे अणू बाहेर येतात आणि त्यांच्या जागी मोठे पोटॅशियमचे घुसतात. गर्दी झाली की पृष्ठभागावर दाब तयार होतो, पण तो थर असतो एमएमच्या काही शतांश भागाएवढाच. वाळूतलं क्वार्ट्‌झ काचेपेक्षा कडक असतं, त्यामुळे कोकणातून आल्यावर खिशात राहिलेली वाळू हा फोनचा खरा शत्रू, किल्ल्या नंतर. वर लावायचा जो टेम्पर्ड ग्लास मिळतो त्याचं काम चरे स्वतःवर घेण्याचं, तो फुटला म्हणजे त्याने काम केलं. त्यावरचं ९एच म्हणजे पेन्सिलच्या कडकपणाची टेस्ट, हिऱ्याच्या खालोखाल वगैरे काही नाही. टेम्पर्डच्या कडेला टवका आला की बदला.

फुटलीच, तर कारण शोधा

तुकडे लगेच फेकू नका, आधी फोटो काढा. साध्या खिडकीच्या काचेत तडा कडेपासून काटकोनात निघाला आणि मग नागमोडी फिरला, आणि मध्ये कुठेही आपटल्याची खूण नाही, तर ऊन-सावलीचं काम. एका बिंदूपासून चारी बाजूंना किरण फुटलेले असतील तर फटका. तुकडे कमी आणि मोठे म्हणजे कमी जोरात फुटली, तिथे जुना चरा किंवा टवका असणार. फांद्या फुटत फुटत बारीक तुकडे झाले म्हणजे ताण मोठा होता.

साध्या काचेचा जाड तुकडा हातमोजा घालून उचला आणि तुटलेली कड उजेडात तिरकी धरा. जिथून फुटायला सुरुवात झाली तिथे आरशासारखा गुळगुळीत अर्धगोल दिसतो, त्याच्या बाहेर धुकट पट्टा, आणि मग खरबरीत रेषा. त्या रेषा उलट्या मागे नेल्या की मूळ सापडतं, आणि गुळगुळीत भाग मोठा असेल तर काच कमी ताणाला फुटली. ग्लास फुटला असेल तर हे मूळ बऱ्याचदा तळाच्या कडेला निघतं, जिथे तो रोज ओट्यावर घासतो.

टफन काच अजून फ्रेममध्ये अडकून असेल तर तडे जिथून सगळीकडे पसरलेत तो मधला भाग शोधा. तिथे दोन जरा मोठे तुकडे फुलपाखरासारखे शेजारी आणि त्यांच्या मधल्या रेषेवर बारीक काळपट ठिपका असेल तर निकेल सल्फाईडचा संशय घ्या, ते दोन तुकडे टेपने चिकटवून ठेवा. दुकानदाराशी वॉरंटीवरून वाद घालताना फोटोपेक्षा तेच कामाला येतात. मूळ कडेला निघालं तर फिटिंगवाल्याशी बोला.

मग साफसफाई. आधी पंखा बंद, पायात चप्पल. मोठे तुकडे हातमोज्याने, मग झाडू, मग दिवा बंद करून मोबाईलचा टॉर्च जमिनीला टेकवून आडवा मारा, राहिलेले कण चमकतात. त्यावरून ओलं वर्तमानपत्र नाहीतर मळलेल्या कणकेचा गोळा दाबत फिरवा, गोळा टाकून द्या. खरकट्याजवळ फुटली असेल तर अन्न वाचवायच्या भानगडीत पडू नका. सगळं जाड कागदात गुंडाळून, वर खोका किंवा जुनी बाटली, टेप मारून मोठ्या अक्षरात "काच" लिहा आणि सुक्या कचऱ्यात वेगळं द्या, घंटागाडीवरचे लोक हाताने कचरा वेगळा करतात.